अपूर्ण वर्तमानकाळ

एकशे वीस तासांचा कोर्स.
त्यातले सहा तास खरी माणसं समोर बसवून शिकवायचं
आणि ते कुणीतरी बघायचं.
बघणाऱ्या बाई आयर्लंडमधल्या कुठल्याशा गावात, कॅमेऱ्यापलीकडे.
माणसं मात्र मलाच आणायची होती, उदगीरमध्ये, भर मे महिन्यात.

चौबाऱ्यामागे रज्जाकभाईंचं शिलाईचं दुकान.
मशीन भिंतीला सारली, सतरंजी टाकली.
रज्जाकभाई बसले, कारण जाणार कुठं, दुकानच त्यांचं.
बिरादारांचा बसव आला,
एमआर होता होता राहिलेला सुगत,
आणि कौसर, बारावीला दुसऱ्यांदा बसलेली,
जिला माझ्यापेक्षा जास्त स्पेलिंगं येत होती.

चित्रात एक माणूस, हातात बॅग, वाटेवर बर्फ.
आय ॲम गोइंग.
मी छापील मराठीत सांगितलं : मी जात आहे.
कुणाच्याच तोंडावर काही हललं नाही.
कौसर म्हणाली,
"म्हणजे जाऊलालो. असं सरळ सांगा ना, सर."

जाऊलालो. करूलालो. बसूलालो.
पुण्यात याच 'लालो'वर अख्खी मेस हसली होती,
तेव्हापासून दोन वर्षं मी ते
घासाबरोबर गिळत आलो.
आणि आज ते फळ्यावर, इंग्रजीच्या 'इंग'शेजारी,
खांद्याला खांदा लावून उभं.
बाईंनी नोंदीत लिहिलं :
विद्यार्थी हसले. कारण कळलं नाही. तास चांगला.

व्ही वेगळा, डब्ल्यू वेगळा.
वरचे दात खालच्या ओठावर, मग ओठांचा चंबू,
दाढीच्या आरशासमोर रोज पंधरा मिनिटं.
आपल्याकडे एकच व,
तोच विहिरीला, तोच वाऱ्याला,
कधी कमी पडला नव्हता.

डिग्री बाबांनी मायेनं लॅमिनेट करून ठेवलेली.
मुंबईची खिडकी म्हणाली, यावर शिक्का बसत नाही.
परत आणली. रज्जाकभाईंनी इस्त्रीच्या वाफेवर
लग्नातल्या शेरवानीसारखं
तासभर हळूहळू प्लास्टिक सोडवलं.
कुलगुरूंची अर्धी सही प्लास्टिकबरोबर गेली.
"उरलेली चालंल," ते म्हणाले,
"तुमी तरी कुठं पुरते चाललाव."

एकेचाळीस अर्ज.
पगाराच्या आधी फोटो मागतात.
अट : नेटिव्ह.
डिक्शनरीत पाहिलं. जन्माचा, तिथला.
जन्माचा आहेच मी,
फक्त इथला.

बेचाळिसावा व्हिएतनामचा, हायफाँग नावाचं बंदर.
मुलाखत मध्येच तुटली, लाईट गेली,
पुढची मी मोबाईलच्या उजेडात दिली,
चेहरा खालून उजळलेला, भुतासारखा.
त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात?
रेडिओच्या कॉमेंट्रीवर, म्हणालो.
त्यांना वाटलं विनोद आहे.
पगाराचे दोन रकाने, पासपोर्ट बघून.
मी दुसऱ्या रकान्यातला.
हो म्हणालो. विचार न करता म्हणालो.
त्या रात्री ते 'हो' कुशीवर वळू देईना.

पडताळणीला आलेला हवालदार चहा फुंकत म्हणाला,
"इंग्रजी शिकवायला? ते तर इंग्रजांचं काम."
मी म्हटलं, त्यांनी सोडलं.
"मग बरंय, जागा रिकामी हाय."

आज बस. बिदरवरून हैदराबाद, तिथून विमान.
बाबा सीटखाली बॅग कोंबूलालेत,
ती मी बाहेर काढूलालो, ते पुन्हा कोंबूलालेत.
सुगत नुसताच खिडकीशी उभा.
कंडक्टरनं घंटी दिली.
रज्जाकभाई आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले :
यू आर गोइंग.
येस, मी म्हणालो, आय ॲम...

"सर!" कौसर खालून ओरडली,
"निघताना तसं म्हणत नसतेत!"

एकशे वीस तासांत हे कुठंच नव्हतं.
खिडकीतून मान काढून म्हणालो,
येऊलालो.